गणिताचा तास मोकळाच!

शिक्षकाच्या नोकरीसाठी हजारो पदवीधर रांगेत उभे आहेत आणि दुर्गम भागातल्या शाळांत गणित-विज्ञानाचा तास मोकळा जातो आहे. ही विसंगती निर्माण कशी झाली? आणि ती मोडायची तर सुरुवात कोठून करावी लागेल?

जून महिन्यात शाळा उघडते. मुख्याध्यापक नव्या वर्षाचे वेळापत्रक मांडायला बसतात. मराठीपुढे नाव पडते, इतिहासापुढे पडते, हिंदीलाही कोणीतरी असते. गणित आणि विज्ञान या दोन रकान्यांपाशी आल्यावर मात्र पेन थबकते. मग ‘तूर्त’ म्हणून ते तास कोणाच्या तरी गळ्यात घातले जातात. भूगोल मनापासून शिकवणारे बी.ए. झालेले सर नववीची भूमिती घेऊ लागतात. गाइडमधले उदाहरण ते फळ्यावर उतरवतात, मुले ते फळ्यावरून वहीत उतरवतात आणि दोघेही एकमेकांना काही विचारत नाहीत. हा ‘तूर्त’ दिवाळीपर्यंत टिकतो, मग वार्षिक परीक्षेपर्यंत, आणि पुष्कळदा त्या मुलांची शाळा संपेपर्यंत.

हे चित्र एखाद्या शाळेचे नाही. धडगाव-अक्कलकुव्यात, मेळघाटात, जव्हार-मोखाड्यात, सुरगाण्यात, भामरागड-एटापल्लीच्या बाजूला चार शाळा हिंडून आलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. शहरातील पालिकेच्या शाळाही त्याला अपवाद नाहीत. फरक एवढाच की, शहरातल्या मध्यमवर्गीय घराला शाळेत गणित नीट झाले नाही तरी फारसे बिघडत नाही. संध्याकाळी ‘क्लास’ असतो. घरात कोणी अभियंता काका, कोणी बँकेतली आत्या असते. ज्या घरात दहावीच्या पायरीवर पाय ठेवणारी मुलगी ही पहिलीच, त्या घराला शाळेतला तास हाच काय तो आधार. तो मोकळा गेला की गेलाच.

वास्तविक कायद्याने यात काही उणे ठेवलेले नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणिताचा निदान एक शिक्षक स्वतंत्र हवा. नववी-दहावीची गोष्ट तर त्याहून जुनी. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आणि आपल्या जे. पी. नाईकांनी सचिव म्हणून वाहिलेल्या शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये शिफारस केली की, शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे. महाराष्ट्राने नवा आकृतिबंध स्वीकारला आणि मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. विषय सर्वांना सक्तीचा झाला; शिक्षक मात्र सर्वांच्या वाट्याला आला नाही. या अर्ध्या शतकातला सारा गोंधळ या एका वाक्यात सामावलेला आहे.

रांग मोठी, पण कोणाची?

‘शिक्षक मिळत नाहीत’ असे म्हटले की कोणीही हसेल. आपल्या ओळखीत डी.एड., बी.एड. होऊन बसलेला एक तरी भाचा-पुतण्या असतोच. मग तुटवडा कसला? या कोड्याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात आहे.

एकेकाळी बारावीनंतर दोन वर्षांत हमखास नोकरी देणारी पदविका म्हणून डी.एड.ची कीर्ती होती. त्या कीर्तीवर विद्यालये उगवली, पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. शिक्षक-प्रशिक्षणाचा धंदा कसा झाला आहे, हे त्या आयोगाने २०१२ मध्ये देशापुढे मांडले. बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले, त्याचे मूळ तिथे आहे.

दरम्यान इकडे ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. कागदावरची मुले वर्गात नाहीत, हे उघड झाले. पट घटला, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २०१२ पासून भरतीच थांबली. ती नव्या पद्धतीने, अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ संकेतस्थळाच्या मार्गाने सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा बाहेर आला आणि २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. बी.एस्सी. होऊन शिक्षक व्हायचे ठरवलेल्या एखाद्या मुलाने ही वर्षे कशी काढली असतील, याचा विचार करा. बहुतेकांनी काढलीच नाहीत. ते दुसरीकडे निघून गेले.

रांगेत जे उरले त्यांत कला शाखेचे पदवीधर अधिक, विज्ञानाचे कमी आणि गणित हा मुख्य विषय घेतलेले त्याहून कमी. म्हणजे रांग खरी आहे आणि तुटवडाही खरा आहे. ‘शिक्षकांच्या इतक्या जागा भरल्या’ अशी बातमी येते तेव्हा त्यात गणिताच्या किती आणि त्या कोणत्या तालुक्यात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बेरीज जुळली की खाते समाधानी असते.

हुशार मुलगा मास्तर का होत नाही?

आता याच हिशोबाकडे एका घराच्या नजरेने पाहू. मुलगा गणितात चांगला आहे. बी.एस्सी.ची तीन वर्षे, बी.एड.ची दोन. मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग जाहिरातीची वाट. निवड झालीच तर पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला तीन हजार आणि माध्यमिकला चार हजार रुपये मानधन होते. २०२३ मध्ये ते वाढून सोळा आणि अठरा हजार झाले. तोच मुलगा लातूर-नांदेडच्या एखाद्या शिकवणीवर्गात उभा राहिला, किंवा पुण्यात संगणकाच्या कंपनीत चिकटला, तर? बापाने काय सल्ला द्यावा, हे सांगायला नको.

खासगी शाळांची वाट याहून खडतर. विनाअनुदानित शाळेत अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर केस पिकवलेले शिक्षक आपण आझाद मैदानावर वर्षानुवर्षे पाहत आलो. आणि जागेसाठी संस्थेला ‘द्यावे लागतात’ ही कुजबूज तर गावोगावी ऐकू येते. ज्याला गणित येते, त्याला एवढा हिशोब नक्कीच येतो.

त्यात निवडीची तऱ्हा पाहा. अभियोग्यता चाचणी उमेदवाराची बुद्धिमत्ता आणि कल मोजते. त्याचा विषय मोजत नाही. मुलाखतीशिवायच्या भरतीत तर फळ्यासमोर उभे करून ‘अपूर्णांकांचा भागाकार जरा समजावून सांगा पाहू’ असे त्याला कोणीही म्हणत नाही. वशिला टाळण्यासाठी मुलाखत टाळली, हे समजण्यासारखे आहे. पण त्या भरात शिकवता येते की नाही, हे पाहायचेच राहून गेले. गवयाची निवड लेखी परीक्षेवर करण्यासारखेच हे झाले.

‘अवघड क्षेत्रा’चे गणित

समजा, या साऱ्यातून एखादी बी.एस्सी. झालेली शिक्षिका निवडली गेली आणि तिची नेमणूक डोंगरातल्या शाळेत झाली. आता खरा प्रश्न सुरू होतो. ती तेथे राहणार कशी?

जिल्हा परिषदेच्या बदल्यांसाठी शासनाने २०१७ मध्ये नवे धोरण आणले आणि गावांची ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदलीचा हक्क. शिक्षकांच्या दृष्टीने यात न्याय होता. पूर्वी वशिल्याविना डोंगरात अडकून पडलेल्यांना त्यामुळे सुटका मिळाली. पण शाळेच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा की, शिक्षक रुळला, मुलांची बोली त्याला कळू लागली, घरोघरच्या पालकांशी ओळख झाली, की निघण्याची वेळ आली. अवघड शाळा ही जणू शिक्षा, आणि शिक्षा भोगून झाली की सुटका, असा भाव त्यामागे राहिला.

आश्रमशाळांची कथा आणखी वेगळी. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित. येथली मुले शाळेतच राहतात. म्हणजे शिक्षक हाच पालक. या शाळांतले गणित-विज्ञान वर्षानुवर्षे रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या तरुणांनी ओढले. जून उजाडला की नेमणूक, उन्हाळा आला की खंड. २०२५ मध्ये ही पदे बाहेरच्या संस्थेमार्फत भरण्याचे ठरले तेव्हा हे तरुण नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले. त्यांच्या मागण्यांबद्दल मतभेद असू शकतील. पण ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण कोठे असू हे माहीत नाही, त्याने सातवीच्या मुलाच्या दहावीचा विचार करावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने धरायची?

सहावी ते आठवीच्या विषय शिक्षकांचेही असेच. जुन्या प्राथमिक शिक्षकांतून विज्ञान शाखेचे शिक्षक निवडून त्यांना गणित-विज्ञानाची जबाबदारी देण्यात आली. जबाबदारी सर्वांना मिळाली. पदवीधराची वेतनश्रेणी मात्र सरसकट मिळाली नाही. जादा काम पत्करूनही शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्याइतकाच पगार मिळत असेल, तर कोण उत्साहाने पुढे येईल?

आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

यावर एक उपाय सहज सुचतो. बाहेरचा टिकत नसेल तर तेथलाच शिक्षक नेमा. तसे प्रयत्न झालेही. आंध्र प्रदेशाने २००० साली आदेश काढून अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवल्या. बाहेरून आलेले शिक्षक शाळेत फिरकत नाहीत, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एप्रिल २०२० मध्ये हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. आपल्याकडे राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने शिक्षकांसह अनेक पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली. तीही पुढे न्यायालयीन वादात अडकली. निवड झालेले तरुण २०२४ मध्ये रस्त्यावर उतरले आणि शेवटी मानधनावर नेमणुकांचा मार्ग काढावा लागला.

केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांनी नेमके उलटे केले. २०२३ च्या अर्थसंकल्पात ७४० शाळांसाठी ३८,८०० शिक्षक व कर्मचारी नेमण्याची घोषणा झाली आणि देशभरासाठी एकच परीक्षा घेण्यात आली. जागा भरल्या, पण उत्तरेतला शिक्षक दक्षिणेतल्या आदिवासी पाड्यावर येऊन पडला आणि त्याची भाषा मुलांना व मुलांची त्याला कळेना. बदलीचे अर्ज त्यापाठोपाठ आलेच.

म्हणजे बाहेरचा आणला तर भाषा आड येते, आतला घ्यावा तर कायदा आड येतो. पण कायद्याच्याही पलीकडे एक अडचण आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. उद्या सर्व जागा स्थानिकांना द्यायचे ठरले, तरी गणिताचे पदवीधर आणायचे कोठून? ज्या शाळेत नववीचे गणित कोणी शिकवलेच नाही, त्या शाळेतून अकरावी विज्ञानाला किती मुले जाणार? त्यांतली बारावीला गणित घेऊन किती टिकणार? बी.एस्सी.ला किती पोहोचणार? आणि त्यांतून पुन्हा त्याच डोंगरात शिक्षक म्हणून परतणारा कोण? आज गणिताचा शिक्षक नाही, म्हणून वीस वर्षांनीही गणिताचा शिक्षक नसेल. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण इथे शब्दश: खरी ठरते.

हे चक्र मोडण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेण्याचाच मोह अधिक होतो. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याबरोबर एक कल्पना चर्चेत आली. दहावीला गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र हे विषय पुढे घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापासाच्या शिक्क्याने शाळा सुटणाऱ्या मुलांबद्दलची कळकळ त्यात होती, हे मान्य. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर अधिक पडेल? ज्याला शिक्षक मिळाला नाही त्याच्याच. शिक्षक न देण्याची चूक व्यवस्थेची आणि शेरा मुलाच्या नावावर!

याच संदर्भात २०१९ ची एक गोष्ट आठवते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि घराघरांत, विधिमंडळात, वर्तमानपत्रांत रणकंदन माजले. डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, मुलाला दशक-एकक सहज कळावे म्हणून हे आहे. वाद रंगला, विनोद झाले. ते पुस्तक वर्गात शिकवणार कोण, त्याला स्वत:ला दशक-एककाची मौज कधी कळली आहे का, यावर मात्र अवाक्षर निघाले नाही. पुस्तकावर भांडायला आपण सारे सज्ज असतो. शिक्षकाविषयी मात्र आपण गप्प बसतो.

जोतीरावांनी सांगितलेला मार्ग

गंमत म्हणजे यावरचे उत्तर फार जुने आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या शाळांसाठी कसा शिक्षक हवा, हे स्वच्छ सांगितले होते. तो शिकवून तयार केलेला असावा. ज्यांना शिकवायचे त्या शेतकरी-कष्टकऱ्यांत मिसळणारा, नांगराच्या रुमण्याला हात लावायला न लाजणारा असावा. आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. आपल्यातलाच माणूस, त्याचे चांगले प्रशिक्षण आणि पोटभर पगार, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या होत्या. आपण मात्र त्या सुट्या सुट्या करून पाहतो आहोत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे सूत्र प्रत्यक्षात आणले. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये निघाली आणि १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. बहुजन घरातली मुले उचलायची, वसतिगृहात ठेवायची, कमवत शिकवायची, मास्तर करायची आणि पुन्हा खेड्यात पाठवायची. शाळा काढण्याआधी शिक्षक घडवण्याची सोय हवी, हे त्या माणसाला उमगले होते. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून पुढे जी माणसे उभी राहिली, त्यांचे श्रेय या उमजेला आहे.

प्रशिक्षण की हजेरी?

शिक्षक मिळाला तरी काम संपत नाही; किंबहुना तेथून ते सुरू होते. आपल्याकडच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचे स्वरूप बहुतेक शिक्षकांना पाठ आहे. तालुक्याच्या सभागृहात दोन दिवस, चहा-नाश्ता, पडद्यावर चित्रे, शेवटी प्रमाणपत्र. शाळेत परतल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप तसेच. फुटले तर भरून द्यावे लागेल, या भीतीने परीक्षानळ्या वर्षानुवर्षे कोऱ्या!

शेजारच्या मध्य प्रदेशात एक निराळा प्रयोग तीस वर्षे चालला, तो येथे आठवणे भाग आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाच्या ‘मित्र मंडल केंद्रा’ने विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुले पुस्तक वाचत बसण्याऐवजी टोळ्या करून प्रयोग करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसून धडे लिहीत. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. हे शिक्षक काही मोठे विज्ञान पदवीधर नव्हते. पण उन्हाळी सुटीत त्यांचे आठवडेच्या आठवडे प्रशिक्षण होई, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर महिन्याला ते एकत्र बसत. कोणता प्रयोग फसला, मुलाने विचारलेल्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, हे न लाजता बोलत. ‘मला येत नाही’ असे म्हणण्याची मुभा हेच त्या प्रशिक्षणाचे मर्म होते. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत कमावलेले असे एका आदेशाने संपते, हाही धडाच म्हणायचा.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या पालिका शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात काम केले. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. गरीब घरातली मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची बोजड भाषा हे आहे. ती सोपी केली की तीच मुले उत्तरे देऊ लागतात. पुण्यात ‘आयुका’च्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये अरविंद गुप्तांनी काडेपेटी, सायकलची नळी आणि झाडूच्या काड्यांतून विज्ञान उभे केले. गुप्ता हे मूळचे त्या होशंगाबादच्याच पाठशाळेत तयार झालेले. थोडक्यात, कसे शिकवावे हे आपल्याला ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये. ठाऊक आहे, ते धडगावपर्यंत पोहोचलेले नाही.

अमेरिकेलाही हाच घोर

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला तेव्हा अमेरिकेला सर्वप्रथम आठवले ते शाळेतले गणित-विज्ञान. तरीही गरीब वस्त्यांतल्या आणि दूरच्या खेड्यांतल्या शाळांना हे शिक्षक तेथेही मिळेनात. २००२ मध्ये तेथे संगणकाच्या चिपचे एक जनक रॉबर्ट नॉइस यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. गणित-विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिक्षक होण्यासाठी पैसे द्यायचे. बदल्यात शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे त्याने दोन वर्षे गरजू भागातल्या शाळेत शिकवायचे. शब्द मोडला तर शिष्यवृत्तीचे कर्ज होते. टेक्सासच्या ऑस्टिन येथील विद्यापीठाने १९९७ पासून आणखी एक पाऊल उचलले. विज्ञान शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात खऱ्याखुऱ्या वर्गात, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली उभे करायचे. आवड लागली तर तो राहील, नाही लागली तर वेळीच कळेल.

आपल्यालाही ही कल्पना नवी नाही. १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि विज्ञान पदवी व बी.एड. यांचा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासाठी त्यांतले भोपाळचे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तोच धागा पुन्हा उचलला आणि २०२३-२४ पासून ५७ संस्थांत नवा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पाया योग्य आहे. प्रश्न एवढाच की, त्यात मुले कोणती येणार आणि शिकून जाणार कोठे?

करता काय येईल?

या साऱ्यातून एकच दिशा दिसते. दुर्गम शाळेचा गणित शिक्षक हा जाहिरात देऊन मिळणारा माणूस नव्हे. त्याला तेथल्याच मुलांतून, अठराव्या वर्षी हेरून घडवावे लागेल. प्रत्येक आदिवासी तालुक्यातून दर वर्षी दहावी-बारावीची थोडी मुले-मुली निवडावीत. आरंभी त्यांचे गणित कच्चे असेल, तर एक वर्ष जास्त द्यावे. त्यांचा पदवी-बी.एड.चा सारा खर्च शासनाने उचलावा, वसतिगृहासह. बदल्यात ठरावीक वर्षे आपल्या परिसरात शिकवण्याचा करार. यात कोणाची जागा राखायची नाही, त्यामुळे आरक्षणाच्या मर्यादेचा तो प्रश्न उद्भवत नाही. उघड स्पर्धेत उतरू शकतील असे उमेदवार तयार करायचे आहेत. डॉक्टरांसाठी ग्रामीण सेवेचा करार आपण मान्य केला आहेच.

दुसरे, नवा शिक्षक एकटा पाठवू नये. डोंगरातल्या शाळेत माणूस पगारापेक्षा एकटेपणाने अधिक खचतो. जवळजवळच्या शाळांत मिळून दोघे-तिघे, राहायला बरे घर, महिन्यातून एकदा होशंगाबादसारखी बैठक आणि पहिली दोन वर्षे पाठीशी एखादा मुरलेला शिक्षक. निवृत्त झालेले कितीतरी गणित शिक्षक आज हातपाय धड असून घरी बसून आहेत. वर्गावर पुन्हा नेमण्यापेक्षा नव्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम त्यांना द्यावे. ते आनंदाने करतील.

तिसरे, अवघड शाळेला मान द्यावा. तीन वर्षांनी निघण्याचा हक्क असू द्यावा, पण जो थांबेल त्याला वाढीव वेतन, मुलांच्या शिक्षणाची सोय आणि पदोन्नतीत प्राधान्य मिळावे. आणि भरतीत विषय शिकवून दाखवण्याची पायरी असावी. वशिल्याची भीती असेल तर तो पाठ चित्रित करून परजिल्ह्यातल्या परीक्षकांना दाखवता येईल. भीतीपोटी पायरीच काढून टाकणे हा काही उपाय नव्हे.

यावर एक आक्षेप येईल. करार करून शिकलेली मुले पळून जाणार नाहीत कशावरून? काही जातील. नॉइस शिष्यवृत्तीत शब्द मोडला तर कर्ज होते, ते हे गृहीत धरूनच. पण दहातली चार थांबली, तरी आज आहेत त्यापेक्षा चार अधिक. शिवाय जी जातील ती निदान गणित शिकून जातील. दुसरा आक्षेप वेळेचा. आज निवडलेली मुलगी फळ्यापुढे उभी राहायला पाच-सहा वर्षे लागतील आणि निवडणुका तर त्याआधी येतात. हा आक्षेप मात्र खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक केली. त्यावर शिक्षक संघटनांत जेवढी धावपळ झाली, तिच्या निम्मी जरी पुढच्या पिढीचे शिक्षक घडवण्यासाठी झाली असती, तर किती बरे झाले असते!

वाचकांनी क्षणभर डोळे मिटून आपले गणिताचे सर किंवा बाई आठवाव्यात. छडीने, मायेने किंवा विनोदाने, कशाने का होईना, त्यांनी आपल्याला त्रैराशिकाच्या पलीकडे नेले. आज आपण ज्या खुर्चीत बसलो आहोत, तिचा एक पाय त्यांनी बसवलेला आहे. आपल्याला ते मिळाले यात आपले कर्तृत्व थोडे आणि योगायोगच फार. आपले गाव रस्त्यावर होते, एवढेच.

डोंगरापलीकडच्या शाळेतही अशीच एक मुलगी आज पहिल्या बाकावर बसलेली असेल. जंगलातला मोह गोळा करून बाजारात विकताना ती आईचा हिशोब तोंडी करते आणि व्यापाऱ्याला फसवू देत नाही. गणित तिला येतेच. ते वहीत कसे मांडावे, हे सांगणारे फक्त कोणीतरी हवे. तिला ते माणूस भेटले, तर पंधरा वर्षांनी त्याच फळ्यापुढे ती स्वत: बाई म्हणून उभी असेल आणि तिच्या बोलीत ‘क्ष’ म्हणजे काय ते समजावून सांगेल. नाही भेटले, तर पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापक वेळापत्रक मांडायला बसतील आणि त्या रकान्यापाशी पेन पुन्हा थबकेल.